दोन गोळ्यांचा कापलेला तुकडा

मी एका टीमचा फार्मासिस्ट. लोकांना वाटतं मला मॅचेस फुकटात बघायला मिळतात, खरं तर मॅच चालू असताना मी बहुतेक वेळा मेडिकल रूममध्ये फ्रिजचं टेंपरेचर वहीत लिहीत असतो. बाहेरून आरडाओरडा ऐकू येतो, त्यावरून आपलं काय चाललंय ते कळतं.

रोज रात्री मी गोळ्या मोजतो. मला तसं कुणी सांगितलेलं नाही. पण या खोलीला सगळे बरणीसारखं वागवतात, येता जाता हात घालायचा, त्यामुळे मोजलं नाही तर आठवड्यात काय गेलं आणि कुणाच्या पोटात गेलं याचा पत्ता लागत नाही. कोच लोक तर यात सगळ्यात पुढे, "दे रे एक पेनकिलर" म्हणायचं आणि रजिस्टर पुढे केलं की तोंड वाकडं करायचं.

तर मॅचच्या आदल्या रात्री साडेआठला मोजत होतो आणि फील्डबॅगच्या बाजूच्या कप्प्यात स्ट्रिपचा एक तुकडा सापडला. दोन गोळ्यांचा, दोन्ही घरं रिकामी. बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, फॉइलवर नावाचं शेपूट तेवढं उरलेलं, '...रिझिन', आणि त्याच्या पुढे नेमकी कात्री चाललेली.

आमच्या कपाटात सेटिरिझिनचे, म्हणजे सर्दी-ॲलर्जीच्या गोळीचे, दोन प्रकार असतात. एक साधं, ते कधीही चालतं. दुसऱ्यात सोबत १२० मिलिग्रॅम स्यूडोएफेड्रिन, नाक मोकळं करायला, बारा तास हळूहळू सुटणारं. पाकिटं एकाच कंपनीची, रंगही जवळपास तोच, फक्त नावापुढे एक 'डी'. आणि स्यूडोएफेड्रिन डोपिंगच्या नियमांनुसार स्पर्धेच्या काळात चालत नाही. लघवीत मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं की केस. २००४ मध्ये ते बंदी असलेल्या औषधांच्या यादीतून काढलं होतं, २०१० पासून परत आलं, पण सर्दीची साधी गोळी म्हणून त्याला अजून कुणी घाबरत नाही. स्पर्धेबाहेर चालतं म्हणून डॉक्टरांनी एक पाकीट ठेवलेलं, कपाटाच्या वरच्या खणात, लाल पट्टी लावून. त्या लाल पट्टीचा मला फार अभिमान होता.

फिजिओला फोन लावला. "सर, साधी सर्दीची गोळी होती ती. सकाळी एक दिली, संध्याकाळी परत नाक वाहत होतं म्हणून दुसरी दिली." कुणाला, तर ज्याची उद्या पहिली मॅच त्या एकोणीस वर्षांच्या पोराला. रजिस्टरमध्ये नोंद? "घाईत राहिली सर." मी तिला बरंच बोललो. साधं सेटिरिझिन असेल तरी ते दिवसातून एकदाच देतात हे माहीत नाही का वगैरे, जरा जास्तच बोललो.

मग पोराला फोन. म्हणाला, "दादा, झोपायचा प्रयत्न करतोय पण छाती धडधडतेय, उद्याचं टेन्शन असेल." टेन्शन असूही शकतं. पण स्यूडोएफेड्रिननंही अगदी हेच होतं, झोप उडते, धडधड होते. माझ्या पोटात गोळा आला.

आता करायचं काय, तर वरच्या खणातलं लाल पट्टीवालं पाकीट काढलं. दहाची स्ट्रिप, तिच्यात आठच होत्या आणि एक कोपरा कापलेला. टेबलावर दिवा जवळ ओढला आणि तो रिकामा तुकडा तिथे लावून बघितला. कात्री मधेच जरा घसरली होती, एक छोटीशी पायरी पडलेली, ती पायरी त्या पायरीत अशी बसली की मधे केसभर फट नाही. '...रिझिन'च्या पुढे 'डी' आला.

मग रजिस्टर उघडलं. दोन महिन्यांपूर्वीच्या सराव शिबिराच्या तारखेला नोंद होती, "२ गोळ्या – फील्डबॅग". अक्षर माझं. शिबिरात स्पर्धा नव्हती, बॅगेत जागा नव्हती, म्हणून मीच दोन कापून टाकल्या होत्या आणि परत आल्यावर काढायच्या राहिल्या. रोज मोजतो म्हणतो ना मी, पण मोजायचो ते कपाट, बॅगेचा तो कप्पा नाही. फिजिओनं बॅगेत जे सापडलं ते दिलं. तिची चूक आहेच, नाव न वाचता देऊ नये, पण वाचायला नाव मी ठेवलंच कुठे होतं?

डॉक्टरांना बोलावलं. हिशोब असा, दिवसभरात २४० मिलिग्रॅम, म्हणजे बरोब्बर कमाल मात्रा. शेवटची गोळी साडेसहाला, मॅच दुसऱ्या दिवशी चारला, मधे साडेएकवीस तास, आणि सांगतात मॅचच्या किमान चोवीस तास आधी बंद करा. स्पर्धेचा काळ तर आदल्या रात्री ११.५९ लाच सुरू होतो. डॉक्टर म्हणाले बहुतेक मर्यादेच्या खालीच येईल, पण कुणाचं शरीर किती वेगानं बाहेर टाकतं ते माणसागणिक बदलतं, मी लिहून देणार नाही. सापडलं तर जबाबदारी खेळाडूची, गोळी कुणी दिली हे नंतरचं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रोमानियाची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान हिचं सुवर्णपदक याच औषधावरून गेलं, टीमच्याच डॉक्टरनं दिलेली सर्दीची गोळी, वय सोळा.

शेवटी डॉक्टर म्हणाले पोराला सगळं सांगू आणि ठरवू दे त्याला. मला ती पळवाट वाटली, अजूनही वाटते. मीच सांगितलं, कात्रीसकट. तो ऐकून घेत होता, मग विचारलं, "दादा, तुम्ही माझ्या जागी असतात तर?" मी म्हणालो, नसतो खेळलो.

तो खेळला नाही. बाहेर सांगितलं ताप आहे. कोच माझ्याशी आठ दिवस बोलला नाही, म्हणे दोन गोळ्यांचा केवढा बाऊ. आणि त्या दिवशी टेस्टिंगवाले आलेच नाहीत. ते आले असते तर निदान मला काहीतरी कळलं असतं. आता रात्री मोजताना डोक्यात तेच, मर्यादेच्या खाली असता तर? खालीच असणार बहुतेक.

फिजिओची माफी मागितली. ती "असू दे सर" म्हणाली, पण आता प्रत्येक गोळीला मला फोन करते, सेटिरिझिन असो नाहीतर ओआरएस असो. स्ट्रिप कापणं बंद केलंय, लागलंच तर अख्खं पाकीट जातं, कागदासकट, बॅगेत जागा नसेल तर बॅन्डेज कमी घ्या.

परवा तो पोरगा प्रॅक्टिसनंतर टाचेला लावायला साधी चिकटपट्टी मागायला आला. मी दिली, तर तिथेच उभा राहून पाकीट उलटसुलट करून वाचत बसला, मागची एक्स्पायरीसुद्धा. मी काही बोललो नाही.