एक सल्फेट काढलं की एक सिग्नल बंद, दुसरा चालू

हेपारिनचं इंजेक्शन बहुतेकांनी ऐकलेलं असतं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते. त्याच्याच जवळच्या नात्यातलं हेपरान सल्फेट आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतं. लांबलचक साखरेची साखळी, तिच्यावर जागोजागी सल्फेट (गंधक-ऑक्सिजनचा छोटा गट), आणि ते कुठे कुठे आहे त्यावर ठरतं की बाहेरून आलेलं कुठलं प्रोटीन तिथे चिकटणार.

हे सल्फेट बसवलं जातं पेशीच्या आत, गॉल्जीमध्ये, म्हणजे माल तयार करून बाहेर पाठवणाऱ्या भागात. सल्फेट काढणारी एन्झाइमं म्हणजे सल्फेटेज. त्यातले आधी माहीत असलेले बहुतेक लायसोसोममधले (पेशीतल्या टाकाऊ गोष्टी पचवणाऱ्या पिशवीतले), आम्लात काम करणारे, साखळीच्या टोकापासून तोडत जाणारे, थोडक्यात भंगार खातं. पण 2001 मध्ये लावा पक्ष्याच्या भ्रूणात एक वेगळंच सल्फेटेज सापडलं, मग लगेच माणसातली सल्फ वन आणि सल्फ टू. ही दोघं पेशीच्या बाहेर, न्यूट्रल पीएचला काम करतात आणि साखळी न तोडता मधल्याच ग्लुकोसामाइनच्या (साखळीतल्या एका साखरेच्या) सहाव्या कार्बनवरचं सल्फेट उडवतात, तेही जिथे सल्फेट दाट आहे तिथलंच. म्हणजे तयार होऊन बाहेर आलेला माल जागेवरच बदलायचा!

आता खरी मजा. एफजीएफ या पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रोटीनला त्याच्या रिसेप्टरशी (पेशीवरच्या सिग्नल घेणाऱ्या प्रोटीनशी) नीट जुळायला हेपरानवरचं हे सहाव्या कार्बनवरचं सल्फेट लागतं, ते गेलं की सिग्नल मंदावतो. उलट डब्ल्यूएनटी हे दुसरं सिग्नल देणारं प्रोटीन हेपरानला घट्ट धरून बसलेलं असतं, सल्फेट गेलं की पकड सैल होते आणि ते आपल्या रिसेप्टरकडे जाऊ शकतं. एन्झाइम तेच, काम तेच, पण परिणाम अगदी उलटे. म्हणून सल्फ चांगलं की वाईट हा प्रश्नच मला पटत नाही, ओव्हरीच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये सल्फ वन दाबलेलं दिसतं आणि लिव्हरच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये सल्फ टू वाढलेलं.

उंदरात दोन्हींपैकी एकच जीन काढला तर फारसं बिघडत नाही, दुसरं सांभाळून घेतं. दोन्ही काढले की बरीच पिल्लं दगावतात, आणि अन्ननलिकेत जीडीएनएफचा (मज्जातंतू वाढवणाऱ्या प्रोटीनचा) सिग्नल कमी पडून तिथे मज्जातंतूंचं जाळं विरळ राहतं, मग तिचे स्नायू नीट आकुंचनच पावत नाहीत.