आमची वाटचाल : एका रिलेपासून टॉर्क ट्यूबपर्यंत

गॅरेज काढायचं असं ठरवून आम्ही ते काढलंच नाही. दाजींनी हौसेनं एक बंद पडलेली पोर्शे ९४४ घेतली, आणि ती चालू करता करता गॅरेज होऊन बसलं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. ते इंजिनातले, मी वायरिंगचा. ९४४ ही १९८२ ते १९९१ या काळात बनलेली गाडी. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी. वजन दोन्हीकडे जवळपास सारखं पडतं, म्हणून वळणावर ती रस्ता सोडत नाही. पण ते कौतुक सुरू केलं तर कामाचं राहून जाईल.

दाजींची गाडी सकाळी एका चावीत सुरू व्हायची. अर्धा तास चालली की भर रस्त्यात गप्प. गार झाली की जणू काही घडलंच नाही! आम्ही पेट्रोल पंप बदलला, फिल्टर बदलला, सेन्सर तपासले. दाजी म्हणायचे, "तुझं वायरिंग बघ." मी म्हणायचो, "तुम्ही आधी तुमचा पंप बघा." तीन आठवडे असे गेल्यावर दोष निघाला तो मुठीत मावणाऱ्या डीएमई रिलेत, म्हणजे विजेनं चालणाऱ्या एका स्विचमध्ये. इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला याच्यातूनच वीज जाते. आत सोल्डरला केसासारख्या भेगा होत्या. तापलं की सांधा सुटायचा, निवलं की परत टेकायचा. सोल्डर पुन्हा वितळवून गाडी चालते, पण आतले पॉइंटही जळत आलेले असतात. तेव्हा रिले नवाच घ्यावा आणि एक जास्तीचा डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवावा. इथे स्वस्तातला डुप्लिकेट नको.

आमची गाडी चालू झाल्याचं कळल्यावर तसलीच दुखणी घेऊन लोक येऊ लागले. पाटी लागण्याआधी दारात तीन गाड्या उभ्या होत्या.

पहिल्याच वर्षी मोठा फटका बसला. एक गाडी ब्रेकच्या कामाला आली होती. मीटरवर किलोमीटर कमी दिसत होते, मालक म्हणाले टायमिंग बेल्ट अलीकडेच बदललाय, आम्ही मान डोलावली. काही आठवड्यांनी बेल्ट तुटला. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र फिरत्या गाडीच्या जोरावर वर येतच राहतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तर आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकलेले. मग मीटर उघडलं. किलोमीटरचे आकडे फिरवणाऱ्या चिमुकल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात केव्हाच गेले होते. वेगाचा काटा व्यवस्थित हलतो, म्हणून आकडे थांबलेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. काम आमच्याकडे ब्रेकचं होतं, तरी निम्मा खर्च आम्ही सोसला. दाजींना ते अजून पटलेलं नाही.

तेव्हापासून नियम एकच : बिल दाखवा, नाहीतर बेल्ट जुनाच धरणार. आम्ही ४८,००० किलोमीटर किंवा चार वर्षं, जे आधी होईल ते, असं धरतो. बेल्टबरोबर बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) शेजारचा बेल्टही बदलतो, कारण तो तुटला तर त्याचे तुकडे टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात. वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो, तेव्हा त्याच वेळी तो पाहायचा. आणि पुढची ऑइल सील गळत असतील तर ती आधी. तेलात भिजलेला नवा बेल्ट फार टिकत नाही. ताण बोटानं दाबून ठरवणारे मिस्त्री मी पाहिलेत. आम्ही ताण मोजायचं गेज लावतो. ढिला बेल्ट दात चुकवतो, जास्त ताणलेला पंपाचं बेअरिंग खातो. नव्या बेल्टचा ताण साधारण ३,००० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा लागतो. त्यासाठी गिऱ्हाइकाला परत बोलावणं हेच सगळ्यात अवघड काम.

दुसऱ्या वर्षी रेडिएटरच्या टाकीत कॉफीसारखा साका घेऊन एक जण आले. दोन ठिकाणी त्यांना हेड गॅस्केट, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं हेडखालचं पॅकिंग, गेलं म्हणून सांगितलं होतं. दाजींनी डिपस्टिक काढून पाहिली, तेल स्वच्छ. या इंजिनाच्या कुशीत पाण्यानं थंड होणारा ऑइल कूलर बसवलेला असतो. त्याची रबरी सील कडक झाली की तेल पाण्यात जातं. चालत्या इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे ते सहसा त्याच दिशेनं जातं. सील बदलायला एक दिवस लागला. पाण्याच्या नळ्यांतला चिकटा धुवायला मात्र चार दिवस, आणि तेलानं फुगलेले होज फेकून द्यावे लागले ते वेगळेच.

हाच माणूस पुढे त्याच्या ओळखीच्या लोकांना आमच्याकडे पाठवू लागला, आणि त्यातूनच आमचा खरा धंदा उभा राहिला, टॉर्क ट्यूबचा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ही लांब नळी असते, आणि तिच्यात इंजिनाची ताकद मागे नेणारा, बेअरिंगांवर फिरणारा बोटभर जाडीचा शाफ्ट. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तेव्हा संशय या बेअरिंगांवर किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग बघा. टॉर्क ट्यूबमधली बेअरिंगं सुटी मिळायची नाहीत, अख्खी नळी घ्यावी लागायची. मग बाहेरच्या उत्पादकांनी किट काढली. दाजींनी पाइपचे तुकडे कापून दाबायचं हत्यार घरीच बनवलं. प्रत्येक बेअरिंग किती खोल बसलंय हे काढण्याआधी मोजून ठेवायचं, एवढं जमलं की निम्मं काम झालं. तिथवर पोचायला सायलेन्सर, गिअरबॉक्स सगळं उतरवावं लागतं, म्हणून क्लचही त्याच वेळी पाहतो. जुन्या क्लच प्लेटमधलं रबर फाटलेलं असलं तर आम्ही स्प्रिंगची प्लेट सुचवतो. इथे बाहेरच्या उत्पादकाचा भाग मूळ भागापेक्षा चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळीकडे ते लागू होत नाही. एका उत्साहाच्या भरात आम्ही एका गाडीला सगळे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत हादरे शोषणारे रबरी तुकडे) पॉलीयुरेथेन या कडक प्लॅस्टिकचे लावले. हात दाखवून अवलक्षण! मालक आठवड्यात परत आले आणि म्हणाले, "अहो, रस्त्यावरचा प्रत्येक खडा माझ्या दातांना कळतो." स्वतःच्या खर्चानं रबरी बसवून दिले.

मागच्या महिन्यात एक पांढरी ९४४ आली. मालकांनी न विचारताच बिल पुढे केलं. आमचंच होतं, दाजींच्या अक्षरातलं. मीटरचा गिअरही आम्हीच बदललेला, तेव्हा आकड्यांवर शंका नव्हती. तारीख पाहिली, चार वर्षं आणि दोन महिने झालेले. दाजी काही न बोलता जॅक आणायला गेले.