बागेतला नळ गळतोय? टेप गुंडाळण्याआधी तो हलवून बघा

बागेतला नळ भिंतीपाशी गळू लागला की सगळे टेफ्लॉन टेप आणायला धावतात. टेप लागतेच, पण त्याआधी नळ हाताने धरून हलका हलवून बघा. तो पाइपासकट डुलत असेल तर कितीही टेप गुंडाळा, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पाणी झिरपणार. रबरी पाइप ओढत कुंड्यांपर्यंत नेताना प्रत्येक हिसका थेट नळाच्या आट्यांवर बसतो. भिंतीत न गाडलेला, जमिनीतून नुसता वर आलेला पाइप असेल तर हे हमखास होतं. अशा पाइपाशेजारी लोखंडी अँगल फूटभर खोल, शक्यतो काँक्रीटमध्ये, रोवायचा आणि पाइप त्याला दोन ठिकाणी क्लॅम्पने बांधायचा. एक क्लॅम्प एल्बोच्या, म्हणजे नळ ज्यात बसतो त्या काटकोनी जोडाच्या, लगेच खाली हवा.

आता गळती नेमकी कुठून आहे ते पाहू. नळ फडक्याने कोरडा करून सांध्याभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. पहिला ओला डाग कुठे पडतो ते दिसेल. नळ उघडल्यावरच मुठीखालून पाणी येत असेल तर दोष ग्लँडचा, म्हणजे मुठीच्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या पॅकिंगचा. ग्लँड नट पान्याने थोडासाच आवळा, मूठ जड होईल इतका नको. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असतील तर वायसर, म्हणजे आतली रबरी चकती, बदला. पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर मुठीने फिरणारा आतला भाग, म्हणजे स्पिंडलच, नवा घालावा लागतो. नळ बंद असूनही भिंतीपाशी ओल येत असेल, तरच काम आट्यांचं.

बंद नळावर दाब सर्वात जास्त असतो, आणि बागेतला नळ बहुधा घरातला सर्वात खालचा. टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब येतो. वरच्या मजल्यावर चालून गेलेला ढिला सांधा इथे चालत नाही.

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा आणि पाइप रिकामा होऊ द्या. एका पान्याने एल्बो धरून दुसऱ्याने नळ सोडवा. एल्बो न धरता जोर लावला तर भिंतीतला पाइपच पिळतो. जुनी टेप टूथब्रशने पूर्ण काढा, एल्बोच्या आतलीसुद्धा. पितळी आट्यांची टोकं झिजून बोथट झाली असतील तर नळ बदललेलाच बरा. दुकानात अर्धा इंची, म्हणजे १५ मिमीचा नळ मागा. आट्यांचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजला तर जवळपास २१ मिमी भरतो, त्याने गोंधळू नका.

आटे स्वतःकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून गोळा होते. बहुतेक नळांचे आटे सरळ असतात, निमुळते नसतात. त्यामुळे फट भरायचं काम टेपलाच करावं लागतं. बाजारातल्या पातळ टेपचे दहा ते पंधरा वेढे लागतात. पहिला आटा मोकळा ठेवा. नळ आधी हाताने बसवा, मग पान्याने एक-दीड फेरा. तोंड खाली आलं की थांबा. थोडं पुढे गेलं म्हणून मागे फिरवलं, तर दबलेली टेप सैल पडते. मग नळ काढून टेप नव्याने गुंडाळण्याला पर्याय नाही. नळ भिंतीत पुरेसा आत जात नसेल तर मधे एक्स्टेन्शन निपल, म्हणजे आट्यांचा छोटा जोडतुकडा, घाला.

प्लॅस्टिकच्या एल्बोत पितळी आटे बसवलेले असतात. नळाबरोबर ते पितळच फिरत असेल, किंवा एल्बोला केसासारखी चीर दिसत असेल, तर टेपने काही होणार नाही. वरून एम-सील थापणं म्हणजे आठवड्याची सोय. एल्बो कापा, पाइपाचं टोक सरळ आणि गुळगुळीत करा, नवा एल्बो सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवा. प्लॅस्टिक पाइपाचा प्रकार त्यावर छापलेला असतो: सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सिमेंट, यूपीव्हीसीला यूपीव्हीसीचं. दोन्ही पृष्ठभागांना लावून पाव फेरा देत आत ढकला, अर्धा मिनिट दाबून धरा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच पाणी सोडा. आट्यांना मात्र हे सिमेंट कधीही लावू नका: पितळ त्याने धड चिकटत नाही, आणि पुढच्या वेळी नळ सोडवताना एल्बो फुटतो.

रबरी पाइपाच्या टोकाला स्प्रे गन असेल तर पाणी घालून झाल्यावर नळच बंद करायचा. नुसती गन बंद ठेवली तर सगळा दाब रात्रभर पाइपावर आणि तो नळावर आवळणाऱ्या क्लिपवर राहतो. उन्हात तापून मऊ झालेला पाइप तिथूनच निसटतो. क्लिप स्क्रूवाली घ्या, तारेची नको. उघड्यावरच्या प्लॅस्टिक पाइपाला पाण्यात मिसळणारा रंग दोन हात मारा. रंग नसेल तर ऊन लागून पाइप ठिसूळ होतो आणि पुढच्या दुरुस्तीत पाना लावताच मोडतो.