निर्मल हृदयमधले माझे दिवस (माझा अनुभव)

मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या नन्सच्या संघात थोडे दिवस तरी काम करायचं हे कधीपासून मनात होतं, सुट्टी मिळाली तशी कोलकात्याला गेले. नावनोंदणीचं टेन्शन घेऊ नका. एजेसी बोस रोडवर मदर हाउस म्हणजे संघाचं मुख्यालय, त्याच रस्त्यावर शिशुभवन, तिथे ठरलेल्या दिवशी दुपारी रजिस्ट्रेशन असतं. ओळखपत्र दाखवलं, फॉर्म भरला, मग एका सिस्टरने जवळ बसवून विचारलं किती दिवस थांबणार, नर्सिंग येतं का. नाही म्हटलं. तरी मला निर्मल हृदय मिळालं, कालीघाटच्या कालीमंदिराला लागूनच असलेलं, मरणाच्या दारातल्या माणसांसाठी मदरनी १९५२ मध्ये सुरू केलेलं घर.

सकाळी मदर हाउसला चहा-ब्रेड, प्रार्थना, मग कालीघाट. मला वाटलेलं आजारी बायकांजवळ बसायचं, भरवायचं, पण पहिले तीन दिवस नुसती धुणी! चादरी, ब्लँकेटं, गाऊन, सगळं हाताने, एकीने घासायचं, दुसरीने खळबळायचं, दोघींनी दोन टोकं धरून पिळायचं आणि गच्चीवर नेऊन वाळत घालायचं. खांदे भरून आले. खरं सांगते, मी नाराज होते.

एका सिस्टरला बोलूनही दाखवलं. ती रागावली नाही, मदरचं सांगायला लागली. आधी त्या लोरेटो या दुसऱ्या नन्सच्या संघाच्या शाळेत शिकवायच्या, १९४६ मध्ये दार्जिलिंगला जाताना ट्रेनमध्ये त्यांना गरिबांमध्ये जाऊन राहायची हाक जाणवली, पण चर्चची परवानगी यायला १९४८ उजाडलं, आणि मग आधी पाटण्याला जाऊन नर्सिंगची तोंडओळख करून घेतली. ७ ऑक्टोबर १९५० ला त्यांच्या संघाला मान्यता मिळाली. इतर संघांत सहसा ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं असतात, यांच्यात चौथं पण आहे, गरिबातल्या गरिबाची मनापासून आणि फुकट सेवा. हे सगळं सांगताना तिचे हात बादलीतच होते.

चौथ्या दिवशी मला आत बोलावलं. एक आजी होती, बंगालीत काहीतरी पुटपुटायची, मला कळायचं नाही, जेवण नको म्हणायची पण केसांना तेल लावलं की डोळे मिटून पडून राहायची. दोन दिवस तेच केलं, तेल आणि वेणी.

नंतरच्या सकाळी पलंग रिकामा होता. तिची चादर धुण्यात आली होती, ती मी दुसऱ्या कोणाला दिली नाही.