दोन नद्यांच्या बेचक्यातलं केरो

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या पार दक्षिण टोकाला केरो म्हणून गाव आहे, अलेक्झांडर काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) मुख्य ठिकाण. तिथं ओहायो नदी मिसिसिपीला मिळते, आणि गंमत म्हणजे संगमापाशी पाणी ओहायोचंच जास्त असतं पण पुढे नाव चालतं मिसिसिपीचं! राज्यातली सगळ्यात सखल जागा हीच, त्यामुळे गावाभोवती बांध घातलेत. २०११ च्या पुरात तर गाव वाचवायला लष्कराच्या इंजिनिअर्सनी पलीकडे मिसूरी राज्यातला बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंग लावून फोडला आणि हजारो एकर शेती पाण्याखाली गेली, त्या शेतकऱ्यांना काय वाटलं असेल!

सिव्हिल वॉरमध्ये (अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात) १८६१ ला उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रँटचा तळ इथंच होता, कारण नकाशा बघितला की कळतंच, दोन्ही नद्या मुठीत. स्टीमबोटी, रेल्वे, सगळं होतं. १९२० ला वस्ती १५ हजारांवर, २०२० ला जेमतेम १,७०० च्या आसपास. नुसता धंदा बसला म्हणून नाही हां, वंशभेदाने गाव आतून पोखरलं. काळ्या पोरांना पोहू द्यायचं नाही म्हणून पोहण्याचा तलावच बंद केला, १९६९ पासून काळ्या लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला, तर बऱ्याच दुकानदारांनी काळ्यांना नोकऱ्या देण्यापेक्षा शटर ओढणं पसंत केलं.