हेडसर मागच्या बाकावर

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि हातातलं काम बाजूला राहिलं. लिहायला बसलो की हेडसरच समोर येतात. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

मी नववीत असताना पाण्याच्या टाकीशेजारच्या दोन खोल्यांचं बांधकाम चालू होतं. माझे वडील तिथे गवंडी होते. पायथागोरसचा सिद्धान्त आम्हाला घडाघडा पाठ होता. कळला होता असं मात्र नाही. पाया आखताना वडील सुतळी धरून काय करतात हे हेडसर बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "मिस्त्री, उद्या तिसऱ्या तासाला नववीवर या. सुतळी घेऊनच या."

"सर, आमी काय शिकीवणार पोरास्नी?"

"रोज करता तेच दाखवा."

वडील आले. चपला दाराबाहेर काढल्या, हात टॉवेलला पुसले. हेडसर थेट मागच्या बाकावर, आमच्यातल्या सर्वांत वांड पोराशेजारी जाऊन बसले. गुडघे बाकात मावेनात. वडिलांनी फरशीवर खडूने दोन रेघा मारल्या. एकीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजलं आणि टोकाला टोक सुतळी ताणली. "तिरकं बरोबर पाच भरलं, की कोपरा गुण्यात आला." गुण्यात म्हणजे काटकोनात. कुणीतरी विचारलं, "खोली मोठी असली तर?" वडील म्हणाले, "सहा, आठ, दहा." तेव्हा हेडसरांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. गणिताचे पदवीधर ते. त्यांना का ठाऊक नव्हतं! पण लिहून घेतलं. त्या दिवसापासून शाळेत वडिलांना सगळे 'मिस्त्रीसर' म्हणू लागले.

आज मीही मुख्याध्यापक आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असं ठरवलं. पालक येतात, कोपऱ्यात बसतात, सही करून निघतात. मी त्यांना वर्गावर धाडतो. परवा एका आईने सातवीला शेकडेवारी बचत गटाच्या व्याजावरून शिकवली. मी मागच्या बाकावर. पोरं आधी माझ्याकडे बघून हसली, मग विसरली. नव्या शिक्षकांना हे पटायला वेळ लागतो; तास वाया गेला म्हणतात. त्यांचंही खरं आहे, यूडायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरण्यात आणि पोषण आहाराच्या नोंदींत निम्मा दिवस जातो. हेडसरांच्या वेळी हे नव्हतं, तरी ते आज असते तर त्यांनी वाट काढलीच असती.

मध्यंतरी आपल्या जुन्या शाळेवर येऊन गेलो. मैदानात पेव्हर ब्लॉक बसवलेत. खो-खो आता कुठे खेळतात कुणास ठाऊक. त्या दोन खोल्यांवरही मजला चढवणार असं ऐकतो. चढवा, पण खालच्या भिंती पाडू नका, एवढी स्मरणिकेच्या समितीला विनंती. भिंती अजून ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या आहेत, मी स्वतः ओळंबा लावून पाहिलाय.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येतोय. मांडवाचं काम माझ्याकडे द्या.