अर्ज प्रकाशित होणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे: सोलापुरातल्या एका क्लस्टरचा माझा अनुभव

आमच्या भागातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असे फोटो वरचेवर येतात. त्यातले बरेचसे अर्ज नुसते प्रकाशित झालेले असतात. अर्ज केला की अठरा महिन्यांनी पेटंट कार्यालय तो आपल्या जर्नलमध्ये छापतंच. फॉर्म ९ भरून २५०० रुपये दिले की आणखी लवकर छापतं. तोवर त्या अर्जाची तपासणी कुणीही केलेली नसते. तपासणी मागायला वेगळा फॉर्म लागतो, वेगळे पैसे लागतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. मी आणि माझे दोन विद्यार्थी ही वाट शेवटपर्यंत चाललो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी सोलापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवते. लॅबमधले जुने डेस्कटॉप निकाली काढायचे ठरले, तेव्हा त्यातले वीसेक मी मागून घेतले. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १९९४ मध्ये बाजारात मिळणारे १६ '४८६' प्रोसेसर साध्या इथरनेटने जोडून 'बेओवुल्फ' नावाचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा जथा, उभा केला होता. शिकवण्यासाठी त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्यात महागडं असं काही नव्हतं. आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० हा महासंगणकसुद्धा ट्रान्सप्यूटर नावाचे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडूनच केलेला होता. एक मोठा प्रोसेसर परवडत नाही, तर अनेक लहान जोडा आणि जोडणीचं डोकं चालवा, हे मुलांना पुस्तकाबाहेर दाखवायचं होतं.

मुख्य मशीन म्हणून दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारा, एक सेकंडहँड सर्व्हर पुण्याहून आणला. बाकी सगळं साध्या गिगाबिट स्विचवर, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणाऱ्या डब्यावर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की लॅबचा एसी दमायचा, मग आम्ही सकाळी लवकर काम उरकायचो.

गाडी अडली ती नेटवर्कपाशी. गणित सगळ्या नोड्सवर, म्हणजे जोडलेल्या मशीनवर, वाटून दिलं की ते छान पळायचं, पण उत्तरं गोळा करायची वेळ आली की सगळं थबकायचं. अक्कलकोटकडून येणारा माझा विद्यार्थी एका दुपारी म्हणाला, "मॅडम, हे स्विच काय करलालंय कळंना. वायर मोकळी आहे आणि डेटा येईना." नेटवर्कवरची रहदारी टिपणारं टीसीपीडंप लावून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. सगळे नोड एकाच क्षणी एकाच मशीनला उत्तर पाठवत होते. स्विचच्या त्या एका पोर्टची साठवण काहीशे किलोबाइटची; ती भरली की उरलेली पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, सरळ फेकली जातात. पाठवणारा मग पोच येण्याची वाट पाहत बसतो, आणि लिनक्समध्ये ही वाट किमान २०० मिलिसेकंदांची असते. लॅबमधल्या जाळ्यात पॅकेट जाऊन परत यायला मिलिसेकंदाचा काही अंश लागतो. गिगाबिटच्या वायरवरून २०० मिलिसेकंदांत २५ मेगाबाइट डेटा जाऊ शकला असता, तेवढा वेळ ती रिकामी पडून राहते. घरी बाबांना सांगताना मी गड्ड्याच्या यात्रेचं उदाहरण दिलं: होम मैदानावरची सगळी गर्दी एकदम एकाच फाटकाकडे वळली की फाटक रुंद असूनही कुणीच बाहेर पडत नाही. ते लगेच म्हणाले, "मग पोलीस लावा की, थोडे थोडे सोडायला."

हे दुखणं जुनं आहे, त्याला इनकास्ट म्हणतात. त्यावरचे उपायही पुष्कळ आहेत. स्विचने गर्दीची खूण पॅकेटवर करायची आणि पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा, हा २०१० मध्ये आलेल्या डीसीटीसीपी या पद्धतीचा मार्ग. दुसरा मार्ग बाबांनी सुचवला तोच: घेणाऱ्याने परवानगी द्यायची, मग पाठवायचं. तोही बऱ्याच जणांनी मांडून झालेला होता. आमच्या हाती वेगळं लागलं ते मुख्य मशीनच्या पोटात. दोन सॉकेटच्या मशीनमध्ये प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची मेमरी असते आणि नेटवर्क कार्ड त्यातल्या एकाच्याच बाजूला जोडलेलं असतं. पॅकेट एका बाजूला उतरलं आणि ते वाचणारा प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला असला, तर दर वेळी मधला पूल ओलांडावा लागतो. म्हणजे स्विच मोकळा असूनही आत कोंडी होऊ शकते. बार्शीची विद्यार्थिनी होती, तिने विचारलं, "परवानगी देताना फक्त स्विच का बघायचा? कार्डाची कुठली रांग कुठल्या प्रोसेसरकडे जाते आणि ती किती भरली आहे, तेही बघू या ना." आमचा सगळा शोध या एका प्रश्नात आहे.

मुलांना लगेच कॉन्फरन्समध्ये पेपर वाचायचा होता. मी थांबवलं. अर्जाआधी आपणच छापलं, तर आपलाच पेपर नावीन्याविरुद्ध पुरावा म्हणून समोर येऊ शकतो. आधी तात्पुरतं विवरण, म्हणजे प्रोव्हिजनल, दाखल करायचं ठरलं. त्यात दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो ती कलमं, लिहावी लागत नाहीत, आणि तारीख आपल्या नावावर लागते. तिथून १२ महिन्यांत पूर्ण विवरण द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

शोधकांच्या नावांवरून मात्र मला ठाम उभं राहावं लागलं. "आणखी तीन-चार नावं घाला, सगळ्यांना गुण मिळतील," असं सुचवणारे भेटले. मी नाही म्हणाले. फॉर्म १ वर शोधक म्हणून त्याचंच नाव यावं ज्याने शोधात भर घातली. आम्ही तिघांनीच आमच्या नावाने अर्ज केला, कॉलेजची लेखी ना-हरकत घेतली. ज्या मुलीच्या प्रश्नातून शोध निघाला, तिचं नाव पहिलं.

आता शुल्काचं. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर १६०० रुपये. त्यात ३० पानं आणि १० दावे बसतात. पुढे प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. ऑनलाइन भरायला डिजिटल सहीचं प्रमाणपत्र लागतं. पेटंट एजंट घेणं सक्तीचं नाही, पण दाव्यांसाठी आम्ही पुण्यातल्या एका एजंटची मदत घेतली आणि ती फी सरकारी शुल्कापेक्षा बरीच जास्त होती. ती वसूल झाली असं मी मनापासून म्हणते.

पूर्ण विवरणाच्या आधीचे महिने वाचण्यात गेले, आणि माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा काळ तोच. गूगल पेटंट्स, एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं (विपो) पेटंटस्कोप आणि भारतीय कार्यालयाचं इनपास, पेटंट शोधायच्या या चारही जागा फुकट आहेत. नुसते शब्द टाकून शोधलं की हजारो निकाल येतात, म्हणून वर्गीकरणाने शोधायला शिकलो: नेटवर्कमधल्या रहदारीच्या नियंत्रणासाठी एच ०४ एल ४७, अनेक संगणकांच्या जोडणीसाठी जी ०६ एफ १५. मुलांना मी रॉबर्ट मेटकाफ आणि सहकाऱ्यांचं इथरनेटचं अमेरिकन पेटंट वाचायला लावलं, क्रमांक ४०,६३,२२०, मंजुरी डिसेंबर १९७७. आज आपण ज्या वायरला गृहीत धरतो, तिचा शोध त्यांनी दाव्यात कसा मांडला ते पाहण्यासारखं आहे. केबलला जोडलेलं यंत्र, त्यात पाठवणारा भाग, टक्कर ओळखणारा भाग, टक्कर झाल्यावर थांबवणारा भाग. प्रत्येक कल्पना कुठल्या ना कुठल्या भागाला चिकटलेली. आणि पेटंटची मुदत संपलेली असल्यामुळे त्यातलं सगळं कुणालाही वापरायला खुलं.

एजंटनी आमचा पहिला दावा वाचून एकच विचारलं, "यातून तुमचं हार्डवेअर काढून टाकलं तर काय उरतं?" उरत होती ती 'पाळीपाळीने उत्तर मागवण्याची पद्धत', आणि ती तर जुनीच. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार गणिती वा व्यावसायिक पद्धत, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध मानले जात नाहीत. सगळा भार 'निव्वळ' या शब्दावर. दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी यांच्या प्रकरणात १२ डिसेंबर २०१९ रोजी म्हटलं, की प्रोग्रॅमवर आधारलेला शोध असला तरी त्यातून तांत्रिक परिणाम वा तांत्रिक भर दिसत असेल तर तो केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून नाकारता येणार नाही. म्हणून आम्ही दावा पुन्हा बांधला: किमान दोन सॉकेटचा, उत्तरं घेणारा संगणक, कार्डावरच्या रांगा आणि कुठली रांग कुठल्या सॉकेटच्या मेमरीत उतरते याची नोंद, त्या रांगा किती भरल्या आहेत ते मोजणारा भाग, आणि या मोजमापावरून कुठल्या नोडला कधी, किती पाठवायची मुभा द्यायची हे ठरवणारा भाग. दावा लांबला, अरुंद झाला. मुलं हिरमुसली, कारण आधीच्या दाव्यात सगळं जग मावत होतं. पण अरुंद दावाच टिकतो.

आकृत्यांनाही वेळ द्यावा. सॉकेट, मेमरी, कार्ड, स्विच यांना क्रमांक देऊन काढलेल्या आकृत्या पुढे सुनावणीत फार उपयोगी पडल्या. शिवाय एकाच स्विचवर, एकाच कामासाठी, आमच्या पद्धतीसह आणि पद्धतीशिवाय घेतलेली मोजमापं विवरणातच घातली. दाखल केल्यावर नवा मजकूर घुसवता येत नाही, जे आहे त्यातूनच पुढे लढायचं असतं.

प्रकाशनाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते झालं. ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश आले तेव्हा मी प्रत्येकाला सांगितलं, अजून मिळालेलं नाही.

मग फॉर्म १८, तपासणीची विनंती, ४००० रुपये. आमच्या अर्जाला यासाठी ४८ महिने होते. १५ मार्च २०२४ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ३१ महिनेच आहेत. मुदतीत हा फॉर्म भरला नाही तर अर्ज मागे घेतला असं मानलं जातं. माझ्या ओळखीतले कितीतरी अर्ज इथे संपले. बढतीच्या अर्जात 'प्रकाशित' लिहून झालं, की कुणी मागे वळून बघत नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण त्यातल्या काही कल्पना चांगल्या होत्या आणि आता त्या छापल्या गेल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा अर्जही करता येत नाही.

पहिला तपासणी अहवाल आला तेव्हा विद्यार्थिनी नोकरीसाठी पुण्याला गेलेली होती. तीन आक्षेप होते: जुन्या दस्तऐवजांमुळे नावीन्य आणि शोधाची पायरी (जाणकाराला सहज न सुचणारी भर) नाही, कलम ३ (के), आणि दाव्यात काही शब्द मोघम. उत्तराला सहा महिने असतात. ती शनिवार-रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने यायची आणि आम्ही अहवालात दिलेला प्रत्येक दस्तऐवज परिच्छेदागणिक वाचायचो. घेणाऱ्याने वेग ठरवणं त्यांच्यात होतं. मेमरीजवळची रांग निवडणंही होतं, पण ते एका मशीनच्या आत. मशीनच्या आतली रांग किती भरली ते बघून बाहेरच्या नोडला मुभा देणं कुठेच नव्हतं. हा दुवा कुठे नाही आणि आमच्या विवरणात कुठे आहे, हे पानं आणि ओळी देऊन लिहिलं. रागाने लिहू नये. परीक्षकाने वाचलेलं असतं, आणि आमच्या परीक्षकांनी तर आमच्यापेक्षा बारकाईने वाचलं होतं.

सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली, मुंबईला अँटॉप हिलच्या कार्यालयात जावं लागलं नाही. नियंत्रकांनी, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, थेट विचारलं, "ही मुभा दिल्याने यंत्राच्या वागण्यात काय फरक पडतो?" एजंट बोलायच्या आधी मी आकृतीतल्या क्रमांकांवरून सांगितलं: रांग तुंबत नाही, म्हणून पॅकेट फेकलं जात नाही, म्हणून २०० मिलिसेकंदांची ती थांबण्याची वेळ येत नाही, आणि मधल्या पुलावरची वाहतूक कमी होते. मग मोजमापाचा तक्ता दाखवला. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, त्यात दोन दावे आम्ही सोडून दिले आणि मोघम शब्द बदलले.

पेटंट मंजूर झालं. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तीही दर वर्षी शुल्क भरत राहिलो तर. सुरुवातीच्या वर्षांत व्यक्तीला वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत जातात. शिवाय पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचं निवेदन, फॉर्म २७, ठरल्या मुदतीने द्यावं लागतं. सध्या आमची पद्धत आमच्याच क्लस्टरवर चालते. एका डिझाइन स्टुडिओने टॉवेलच्या नमुन्यांच्या चित्रांसाठी ती वापरून पाहायची तयारी दाखवली आहे.

प्रकाशित अर्जांचे तपासणी अहवाल आणि त्यांवरची उत्तरं कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आमचीही. यंदाच्या बॅचला मी वर्षाच्या सुरुवातीला तेच वाचायला दिलं आहे. एच ०४ एल ४७ मधला एकेक अर्ज प्रत्येकाने घ्यायचा, आक्षेप काय होता आणि कुठला शब्द बदलल्यावर तो मिटला हे लिहून आणायचं. त्यांची स्वतःची कल्पना, पॉझ फ्रेममुळे (स्विचने पाठवलेल्या 'थांबा' या संदेशामुळे) अख्खं जाळं थांबतं त्यावरची, अजून कच्ची आहे. वाचन संपेपर्यंत फॉर्म १ उघडायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं आहे.